डायलिसिसच्या खाटेशेजारी

डायलिसिसच्या खोलीत माणूस आला की आधी त्याला वजनकाट्यावर उभं करतात. मागच्या वेळी घरी जाताना वजन किती होतं आणि आज किती भरलं, या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. दोन-तीन दिवसांत चरबी काही इतकी वाढत नाही. माझ्या दादाचा फरक बहुतेक वेळा दोन-अडीच किलोंचा असतो, लग्नसराईत त्याहून जास्त. टेक्निशियन आकडा बघून विचारतो, "काका, लोणचं झालं वाटतं?" दादा गप्प राहतो. मीठ पोटात गेलं की तहान लागते, तहान लागली की पाणी प्यायलं जातं, आणि ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली आहे त्याच्या अंगातून त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. ते पायांत उतरतं, डोळ्यांखाली दिसतं आणि फार झालं की फुफ्फुसांत शिरतं. मग आडवं झोपता येत नाही, रात्र उशीला टेकून बसून काढावी लागते.

दादाला मशीनला लावलं की मी शेजारच्या स्टुलावर बसते. चार तास. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारा अवयव, एवढंच शाळेत शिकले होते. शरीराचे पाठही तेव्हा वेगवेगळे होते: पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण. त्या धड्यांमधल्या भिंती खऱ्या नाहीत, हे या खोलीत कळतं. एक अवयव थांबला की बाकीचे सगळे त्याच्या नावाने बोलू लागतात.

सुरुवात हातापासून. दादाच्या डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रिया करून धमनी थेट शिरेला जोडली आहे. याला फिस्टुला म्हणतात. धमनीतलं जोरकस रक्त शिरेत शिरलं की काही आठवड्यांत शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मगच तिला पुन्हा पुन्हा जाड सुया टोचता येतात. 1966 साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. फिस्टुलावर बोटं टेकवली तर झोपलेल्या मांजराच्या अंगासारखी घुरघुर लागते. दादा रोज सकाळी उठल्यावर आधी ती तपासतो. घुरघुर थांबली तर आत रक्त गोठलं असेल, म्हणून लगेच दवाखाना गाठायचा. त्या हातावर बीपी बघायचं नाही, त्यातून रक्त काढायचं नाही, त्याने बादली उचलायची नाही. या सोयीची किंमत हृदय मोजतं: आडवाटेने लवकर परत येणारं ते जास्तीचं रक्त त्यालाच पुन्हा ढकलावं लागतं.

एका सुईतून रक्त मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर या वेगाने बाहेर येतं, डायलायझरच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून जातं आणि दुसऱ्या सुईने परत अंगात शिरतं. नळ्यांच्या बाहेरून क्षारांचं द्रावण मिनिटाला अर्धा लिटर वाहत असतं, म्हणजे चार तासांत सव्वाशे लिटरच्या आसपास. त्यासाठी मागच्या खोलीत आरओचा मोठा प्लांट अखंड चालू असतो.

मी सगळ्यात जास्त लक्ष देते तिसऱ्या तासाकडे. यंत्र पाणी काढतं ते फक्त रक्तातलं. पायांच्या सुजेतलं पाणी मागाहून, आपल्या गतीने रक्तवाहिन्यांत उतरतं. काढण्याचा वेग त्याहून जास्त झाला की रक्ताचं आकारमान घटतं. निरोगी माणसात मज्जातंतू हे लगेच ओळखतात, हृदयाला वेग वाढवायला लावतात, रक्तवाहिन्या आवळून धरतात आणि बीपी टिकतं. दादाच्या मधुमेहाने ते मज्जातंतूच बोथट केले आहेत, त्यामुळे निरोप वेळेवर पोहोचत नाही. आधी जांभया येतात. मग चेहरा उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात. अनुभवी टेक्निशियन पडद्यापेक्षा माणसाच्या तोंडाकडे बघतात आणि जांभई दिसली की पाणी काढणं थांबवतात, पाय उंच करतात, सलाईन सोडतात. एकदा दादाने मशीनवर असतानाच पोटभर इडल्या खाल्ल्या आणि थोड्या वेळात त्याचं बीपी खाली आलं. अन्न आलं की पोट आणि आतडी रक्त आपल्याकडे ओढून घेतात, आणि इथे तर रक्त आधीच आटत चाललेलं. तेव्हापासून नाश्ता घरी करून निघतो.

आजार वाढत होता तेव्हा एक गोष्ट आम्हाला चांगली वाटली होती. दादाची साखर आपोआप खाली यायला लागली, इन्शुलिनचे युनिट कमी करावे लागले. घरात सगळे म्हणाले, पथ्य लागू पडलं. खरं कारण डॉक्टरांनी सांगितलं. इन्शुलिन शरीरातून काढून टाकण्याच्या कामात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. ते निकामी व्हायला लागलं की टोचलेलं इन्शुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. आम्ही ज्याला सुधारणा समजत होतो ती बिघाडाची खूण होती.

मूत्रपिंडाची जी कामं यंत्राला जमत नाहीत, ती गोळ्या-इंजेक्शनांवर चालतात. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंड ओळखतं आणि एरिथ्रोपोएटिन सोडून हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला सांगतं. तो निरोप थांबला की हिमोग्लोबिन घसरतं, म्हणून डायलिसिस संपताना त्याचं इंजेक्शन देतात. ड जीवनसत्त्वाला शेवटचा हात मूत्रपिंडातच फिरतो. तो फिरला नाही तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, मग गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. शेजारच्या खाटेवरच्या मावशींची हाडं सतत दुखतात, अंगाला खाज सुटते. जेवताना फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळी त्या न चुकता घेतात.

आणि पोटॅशियम. सगळ्यात धाक याचा. ते वाढलं तरी माणसाला बहुधा काही जाणवत नाही, हृदयाचा ठोका मात्र बिघडतो आणि थांबूही शकतो. म्हणून आजाऱ्याला प्रेमाने आणून दिलेलं शहाळं इथे जीव घेऊ शकतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. वहिनी बटाटा चिरून भरपूर पाण्यात भिजवते, ते पाणी ओतून देते, मग शिजवते.

विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजसाठी वापरत त्या सेलोफेनच्या नळीचं कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. 1945 साली त्यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण वाचला. त्या शोधाबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. तरी हिशेब समोर आहे: आठवड्याचे तास 168. तीनदा डायलिसिस झालं तरी त्यातले बाराच तास रक्त साफ होतं, आणि आपल्याकडे कित्येकांना आठवड्यातून दोनदाच परवडतं. उरलेल्या तासांचा भार हृदय उचलतं. डायलिसिसवरचे रुग्ण दगावतात त्यात सगळ्यात मोठं कारण हृदयविकाराचंच असतं.

दादाचं मूत्रपिंड कधी दुखलं नाही. लघवीला फेस येत होता, पायांवर मोज्यांचे वळ उठत होते, बस. तुम्हाला किंवा घरात कुणाला मधुमेह वा बीपी असेल, तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, आणि गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेऊ नका.