विलंबाची कारणे काय आहेत?

महाराष्ट्र विधान परिषदेच्या तारांकित प्रश्नांची यादी उघडून तीतला कोणताही प्रश्न वाचावा, त्याची घडण बहुधा ठरलेलीच आढळते. अमुक तालुक्यातील कालव्याचे काम कित्येक वर्षे रखडले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, याप्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय. चौकशीत काय निष्पन्न झाले व तदनुसार कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे. आणि अद्याप कोणतीच कार्यवाही केली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचा साचाही तितकाच जुना आहे. 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे' अथवा 'हे खरे नाही' यांपैकी एक वाक्य पहिल्या पोटप्रश्नासमोर येते, मधल्या पोटप्रश्नांना खात्याच्या सावध भाषेत चार ओळी मिळतात, आणि शेवटच्या, सर्वांत बोचऱ्या पोटप्रश्नासमोर बहुतेक वेळा 'प्रश्न उद्भवत नाही' एवढे तीन शब्द उमटलेले दिसतात.

या शुष्क चाकोरीला हसणे सोपे आहे. पण ज्या सभागृहाला मंत्रिमंडळ पाडता येत नाही, खजिन्याला हात लावता येत नाही, आणि विधेयक अडवायचे म्हटले तरी काही महिन्यांपलीकडे अडवता येत नाही, त्याच्या हाती प्रश्न विचारून उत्तर नोंदवून घेण्याखेरीज दुसरे शस्त्र ते कोणते उरणार? राज्यघटनेप्रमाणे मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार आहे ते विधानसभेला. परिषदेने कितीही अविश्वास दाखविला तरी मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीला त्याचा धक्का पोहोचत नाही. सामान्य विधेयक पहिल्या खेपेस तीन महिने, आणि विधानसभेने ते पुन्हा संमत करून पाठविल्यास आणखी एक महिना, एवढी परिषदेची रोखून धरण्याची मुदत. धनविधेयक तर चौदा दिवसांच्या आत, शिफारशींसह वा शिफारशींविना, परत करावे लागते. संसदेत दोन सभागृहांचा मतभेद मिटविण्यासाठी संयुक्त बैठकीची सोय तरी आहे; राज्यात तीही नाही. शेवटचा शब्द कोणाचा, याविषयी घटनाकारांनी शंकेला जागाच ठेवलेली नाही, आणि तरीही या सभागृहाला 'वरिष्ठ' म्हणण्याचा शिरस्ता चालू आहे.

हे सभागृह आपल्याकडे १९३५ च्या भारत सरकार कायद्याने आले आणि जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. त्यापूर्वीच्या मुंबई कौन्सिलाचे उल्लेख जुन्या ग्रंथांत आढळतात ते त्या काळच्या एकुलत्या एका सभागृहाचे, आजच्या परिषदेचे नव्हेत. आज परिषदेच्या ७८ जागा आहेत. पैकी ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ सदस्य महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांतून येतात, पदवीधर व शिक्षक प्रत्येकी ७ सदस्य पाठवितात, आणि साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांतील १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. मतदान पसंतीक्रमाचे असल्यामुळे मतपत्रिकेवर नावांसमोर १, २, ३ असे आकडे घालावे लागतात, आणि पहिल्या पसंतीच्या मतांचा कोटा कोणी गाठला नाही म्हणजे मोजणी रात्र रात्र लांबते. सदस्याची मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश निवृत्त होतात आणि सभागृह मात्र कधीच विसर्जित होत नाही. सरकारे येतात व जातात, विधानसभेचा पट पाच वर्षांनी समूळ पुसला जातो. परिषदेत जुन्यांपैकी निदान दोनतृतीयांश मंडळी नव्यांना शिरस्ता शिकवायला नेहमी शिल्लक असतात.

अधिवेशनाच्या दिवसांत परिषद शिरस्त्याप्रमाणे दुपारी बारा वाजता भरते. सभापती आसनाजवळ येताच सदस्य उभे राहतात, नमस्कारांची देवघेव होते, आणि फारसा वेळ न दवडता प्रश्नोत्तरांचा तास सुरू होतो. सभापती प्रश्नाचा क्रमांक पुकारतात. लेखी उत्तर आधीच छापून वाटलेले असते. आणि खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर येणाऱ्या उपप्रश्नांत. छापील उत्तर मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीतून, अवर सचिव व उपसचिव यांच्या मेजांवरून, प्रत्येक पायरीवर थोडे थोडे गुळगुळीत होत आलेले असते. उपप्रश्नाला मात्र मंत्रिमहोदयांना उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते, आणि अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी येईपर्यंतचे ते काही क्षण मंत्र्याने आपल्या खात्याचे दफ्तर किती वाचले आहे याची साक्ष देऊन जातात. अनुभवी सदस्य हे ओळखून असतो. लांबलचक भाषण करून त्याखाली प्रश्न दडपून टाकण्याची चूक तो करीत नाही; चौकशी अहवाल कोणत्या तारखेस आला आणि तो कोणाकडे पडून आहे, एवढेच तो विचारतो व खाली बसतो. तासाभरात यादीतील मोजकेच प्रश्न चर्चेस येतात, उरलेल्यांची लेखी उत्तरे सभागृहासमोर ठेवली असे मानले जाते. त्या उरलेल्या उत्तरांकडे वृत्तपत्रांचे सहसा लक्ष जात नाही, हे दुर्दैव आहे; जिल्ह्याजिल्ह्याच्या कारभाराचा इतका तपशील एकत्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

प्रश्नोत्तरांचा तास संपला की सभागृहाची लय बदलते. आदल्या रात्री कोठे काही दुर्घटना घडली असेल, कोठे शेतकऱ्यांवर लाठीमार झाला असेल, तर विरोधी पक्षनेते उठून नियम २८९ अन्वये सूचना मांडतात, म्हणजे आजचे सर्व कामकाज बाजूस सारून याच विषयावर चर्चा व्हावी अशी मागणी करतात. सभापती ती बहुधा नाकारतात. पण नाकारण्यापूर्वी विषय मांडण्यास जो अवधी देतात, त्यात सांगावयाचे ते सांगून होते. प्रक्षोभ अधिक असेल तर सदस्य सभापतींच्या आसनासमोरील हौद्यात उतरतात, घोषणा होतात, कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब होते, पुन्हा भरते, पुन्हा तहकूब होते. दूरचित्रवाणीवर नागरिकांच्या दृष्टीस पडते ती ही दहा मिनिटे. आणि त्यावरून संपूर्ण दिवसाची किंमत करण्याची आपणां सर्वांना खोड लागली आहे. मग कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात, नियम ९३ च्या सूचना निघतात, विशेष उल्लेख वाचले जातात, औचित्याचे मुद्दे व हरकतीचे मुद्दे (हे दोन निराळे आहेत हे पुष्कळ सदस्यांनाही निवृत्तीपर्यंत उमगत नाही) उपस्थित होतात, आणि त्यानंतर पुकारली जाते ती लक्षवेधी सूचना.

लक्षवेधीचा नियम परिषदेत १०१ वा. तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या बाबीकडे संबंधित मंत्र्याचे लक्ष वेधावे, मंत्र्याने निवेदन करावे, आणि सूचना देणाऱ्यांनी त्यावर खुलासे विचारावेत, असे तिचे साधे स्वरूप. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांचे थकलेले वेतन, अंगणवाडीतील पोषण आहार, नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ठेक्यातील गैरव्यवहार, असे विषय येथे येतात. आणि शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या सदस्यांमुळे शिक्षणखात्याच्या मंत्र्याला जेवढे या सभागृहात उभे राहावे लागते तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणास लागत असेल. शाळेतील शिक्षकपदे ठरविणाऱ्या एका संचमान्यतेच्या आदेशावर पाच सदस्य पाच बाजूंनी तुटून पडताना पाहणे हे सामान्य प्रेक्षकाला कंटाळवाणे वाटेल. ज्याची नोकरी त्या आदेशावर अवलंबून आहे त्याला वाटणार नाही. अशा वेळी मंत्री 'तपासून पाहू' म्हणाले तर ते वाऱ्यावर जाऊ शकते, पण 'एक महिन्याच्या आत निर्णय करण्यात येईल' असे म्हणाले तर ते आश्वासन ठरते, प्रतिवेदकांच्या टिपणांतून ते उचलले जाते, आणि पुढे आश्वासन समिती त्याचा पिच्छा पुरविते. मंत्री बदलला, खाते दुसऱ्याकडे गेले, तरी आश्वासन त्या खात्याच्या नावावर थकबाकीसारखे उभेच राहते, आणि सचिवांना समितीपुढे रुजू होऊन त्याचा खुलासा करावा लागतो.

हे प्रतिवेदक सभागृहाच्या मध्यभागी बसतात आणि मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी ज्या भाषेत सदस्य बोलेल त्या भाषेत लघुलिपीत उतरवून घेतात. काही मिनिटांच्या पाळीने एक उठतो, दुसरा बसतो. त्यांच्या कच्च्या प्रतीच्या माथ्यावर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असे असते. सभापतींनी एखादा शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश दिला म्हणजे तो शब्द सर्वांनी ऐकलेला असूनही अधिकृत इतिहासापुरता उच्चारलाच गेला नाही असे होते.

विधेयकांच्या बाबतीत मात्र परिषदेची बाजू लंगडी पडते, हे मान्य करावयास हवे. विधानसभेत संमत झालेली विधेयके अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत एकामागून एक येऊन थडकतात, आणि सायंकाळी उशिरा, गणपूर्तीला लागणारे दहा सदस्य कसेबसे उपस्थित असताना, 'होयचे बहुमत' अशा घोषणेने ती मार्गी लागतात. कोणी उठून गणपूर्तीचा मुद्दा काढीत नाही, कारण उद्या तीच वेळ आपल्यावरही यावयाची असते. अर्थसंकल्पाचे दृश्य त्याहून विलक्षण आहे. अर्थमंत्री विधानसभेत अर्थसंकल्प वाचीत असतात, त्याच वेळी परिषदेत अर्थखात्याचे राज्यमंत्री तेच भाषण वाचतात. चर्चा दोन्हीकडे होते. पण खात्यांच्या मागण्यांवर मतदान करण्याचा हक्क विधानसभेचा, परिषदेने फक्त बोलावे.

पण बोलण्याने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांनी वि. स. पागे यांचे चरित्र पाहावे. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे सलग अठरा वर्षे, ते या परिषदेचे सभापती होते. सभापतीला सभागृहातील वादात भाग घेता येत नाही, त्याच्या हाती कोणतेही खाते नसते. आणि अशा पदावर बसलेल्या या गांधीवादी गृहस्थाने तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग १९६५ च्या सुमारास सुरू केला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्याच कल्पनेने राज्यव्यापी रूप धारण केले, १९७५ साली व्यवसाय कर बसवून तिच्यासाठी पैशाची तरतूद झाली, आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. शहरातील पगारदाराने कर भरावा आणि त्यातून खेड्यातील मजुराला कामाचा कायदेशीर हक्क मिळावा, ही गोष्ट त्या काळी देशात दुसऱ्या कोणत्याही राज्याने केलेली नव्हती. केंद्राचा तशा प्रकारचा कायदा २००५ साली झाला. परिषदेने आपल्या समर्थनार्थ एकच पुरावा द्यावयाचा झाला तर मी हा देईन.

नियुक्त सदस्यांत ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर होते, पुणे पदवीधर मतदारसंघातून ग. प्र. प्रधान अठरा वर्षे येथे होते व काही काळ विरोधी पक्षनेतेही होते, हे आज पुष्कळांना आठवत नाही. आठवते ते एवढेच, की निवडणुकीत पडलेल्यांच्या पुनर्वसनाची ही जागा आहे. आणि हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. राज्यपाल-नियुक्त सदस्यांसाठी मंत्रिमंडळाने २०२० च्या अखेरीस पाठविलेली बारा नावांची यादी राजभवनात जवळजवळ दोन वर्षे पडून राहिली, आणि सभापतिपद जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामे राहून उपसभापतींनीच कारभार पाहिला, यावरून या सभागृहाची कदर सत्ताधाऱ्यांना किती आहे ते कळते. उलट गरज पडली की तेच सत्ताधारी येथे धाव घेतात: उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते, आणि सहा महिन्यांची घटनात्मक मुदत संपत आली असता, टाळेबंदीच्या दिवसांत, मे २०२० मध्ये ते बिनविरोध परिषदेवर आले.

असे सभागृह हवे की नको, हा वाद देशात चालूच असतो. पश्चिम बंगाल व पंजाब यांनी १९६९ च्या सुमारास आपापल्या परिषदा मोडल्या, तामिळनाडूने १९८६ मध्ये. आज केवळ सहा राज्यांत त्या आहेत. परिषद मोडावयाची तर विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा लागतो आणि त्यावर संसदेने कायदा करावा लागतो. आंध्र प्रदेशाने १९८५ साली आपली परिषद मोडली व २००७ साली ती पुन्हा उभारली. जानेवारी २०२० मध्ये तेथील परिषदेत विरोधकांचे बहुमत होते, आणि तिने राज्याच्या तीन राजधान्यांचे विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याचा पवित्रा घेतला. चारपाच दिवसांतच विधानसभेने परिषद बरखास्त करण्याचा ठराव संमत करून दिल्लीस पाठविला. ठराव दिल्लीत पडून राहिला. मधल्या काळात जुने सदस्य निवृत्त होऊन नवे आले, परिषदेतही सत्ताधारी पक्षाचे बहुमत झाले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच विधानसभेने आपला ठराव मागे घेतला.