टर्कीचे मीटबॉल्स कोरडे का होतात? स्पॅनिश पद्धतीत आहे उत्तर

स्पेनमध्ये मीटबॉल्सना ‘आल्बोंदिगास’ म्हणतात. हे नाव ‘अल-बुंदुक’ म्हणजे हेझलनट या अरबी शब्दावरून आलंय. तिथे ते सहसा बीफ आणि पोर्कच्या खिम्याचे करतात. टर्कीच्या खिम्यात चरबी कमी असते, म्हणून गोळे पटकन कोरडे पडतात.

यावर उपाय काय? दुधात भिजवलेला ब्रेड. तो ओलावा धरून ठेवतो आणि मांस घट्ट होऊ देत नाही.

500 ग्रॅम खिम्यात 2 भिजवलेल्या स्लाइस, 1 अंडं, ठेचलेला लसूण, पार्सली, मीठ आणि 1 चमचा स्मोक्ड पाप्रिका घाला. स्पेनमधल्या ला वेरा भागात ही मिरची ओकच्या धुरावर वाळवतात. मिश्रण हलक्या हाताने एकत्र करा. जास्त मळलंत तर गोळे चिवट होतील.

छोट्या लिंबाएवढे गोळे ऑलिव्ह ऑइलमध्ये खरपूस परता. मग कांदा-टोमॅटोच्या सॉसमध्ये झाकण ठेवून 12 ते 15 मिनिटं मंद आचेवर शिजवा.

आणि हो, पाप्रिकामुळे गोळे आतूनही लालसर दिसतात, म्हणून रंगावर विसंबू नका. थर्मामीटरवर आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस दिसलं, की जेवण तयार!