संकेतस्थळावरील वनस्पती-छायाचित्रे

कन्हान परिसरातील रुग्ण संकेतस्थळ पाहतो ते बहुधा मोबाइलवर. तेथे ४००० × ३००० बिंदूंचे छायाचित्र चढविणे म्हणजे विनाकारण विलंब होय. ८०० × ६०० केल्यास बिंदूसंख्या पंचविसाव्या हिश्शावर येते. छायाचित्रास जेपेग वा वेबपी, रेखाचित्रास पीएनजी योग्य.

तथापि जेपेगच्या संपीडनात सूक्ष्म तपशील कायमचा गळतो, आणि आपल्या शास्त्रात तोच मोलाचा. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी असतात, गुळवेलीच्या नसतात. या दोहोंतील गल्लतीबाबत आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये सावध केले होते. गाठीच पुसल्या जाणार असतील तर छायाचित्र न दिलेले बरे! म्हणून आम्ही संपूर्ण वेलीचे चित्र लहान करतो, खोडाचा भाग मात्र कापून, अल्प संपीडनाने स्वतंत्र देतो. मूळ प्रत अबाधित ठेवावी. जेपेग संपादून पुनःपुन्हा जतन केल्यास हानी वाढत जाते.