भटांचे पेशवे कसे झाले

हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडणारं घराणं पेशव्यांचं नव्हतं. ते होतं जवळच्या श्रीवर्धनच्या भटांचं, देशमुखीचं वतन सांभाळणारं. सावित्री नदीच्या मुखापलीकडे वेळासला भानू राहत. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथ भट गाव सोडून निघाले, तेव्हा याच भानूंनी त्यांना साथ दिली. पुढे भटांचे पेशवे झाले आणि भानूंचे फडणीस.

यातलं फडणीस हे आडनाव आज महाराष्ट्रभर सापडतं, कारण फडणिशी ठिकठिकाणी होती. पेशवेपद मात्र एकच. आणि ते मिळालं म्हणून आडनाव बदललंच, असंही नाही. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत, पुढे नीळोपंत, बहिरोपंत हे सगळे पिंगळेच राहिले.

बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी 1713 मध्ये पेशवाई दिली. त्यांच्या मुलाची मुद्रा पाहावी: ‘बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. बल्लाळ म्हणजे बाळाजींचा पुत्र. तिथे भटही नाही आणि पेशवेही नाही. पेशवा हा लोकांच्या तोंडचा हुद्दा होता. स्कॉटलंडच्या राजाच्या कारभाऱ्याचा, स्ट्युअर्डचा हुद्दा त्याच्या वंशाला चिकटून स्ट्युअर्ट राजघराणं झालं, तसंच हे.

माझ्या मते हुद्द्याचं आडनाव पक्कं झालं ते 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर. दुसरे बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले. 1851 मध्ये ते वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना तनखा नाकारला. 1857 नंतर नानासाहेब परागंदा झाले. राज्य नाही, तनखा नाही; उरलं फक्त नाव. दुसऱ्या बाजीरावांचे वडील राघोबादादा यांचे दत्तकपुत्र अमृतराव आधीच चित्रकूटजवळ कर्वीला स्थायिक झाले होते. सत्तावनच्या धामधुमीनंतर इंग्रजांनी तिथला खजिनाही लुटला. पुण्यात आज जे मोजके पेशवे आहेत, ते याच अमृतरावांच्या वंशातले. इतक्या वर्षांची परवड सोसून त्यांनी हे नाव जपलं, याचं मला फार मोल वाटतं.

हरिहरेश्वरला गेलात, तर काळभैरवाचं दर्शन आणि खडकांवरची प्रदक्षिणा आटोपून लगेच परतू नका. श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांचं स्मारक पाहा. मग बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून भानूंच्या वेळासलाही जाऊन या.