घर पाहावे शोधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याने भाड्याचे घर कधी शोधले नसावे. २०२४ ची दिवाळी संपली आणि आमच्या घरमालकांनी येऊन सांगितले की इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, मेअखेर जागा रिकामी करून द्या. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर असलेल्या त्या घरात आम्ही अकरा वर्षे काढली होती. घरात माणसे चार. बाबा मशीद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहितात. आई ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला जाते. धाकटी तेव्हा चौथीत होती, आणि मी आपल्या या महाविद्यालयात, म्हणजे कल्याणला. सकाळी घराबाहेर पडल्यावर चौघांची तोंडे चार दिशांना. अशा कुटुंबाने राहावे कुठे?

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. बाबांच्या पेढीवरचे लोक म्हणत, “आता ठाण्यालाच या, डोंबिवलीची गर्दी किती दिवस सोसणार?” मामाचे मत कल्याण. एक एजंट तर शिळफाट्याच्या रस्त्यावरील उंच इमारतींची चित्रेच घेऊन आला. लिफ्ट, बाग, मुलांना खेळायला जागा, आणि भाडे आमच्या जुन्या घराइतकेच! “काका, स्टेशन इथून पंधरा मिनिटं,” असे तो म्हणाला. बाबा आणि मी सकाळी आठ वाजता मुद्दाम जाऊन पाहिले, तर रिक्षा मिळून स्टेशनला पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्याची पंधरा मिनिटे बहुधा रात्री बाराची असावीत.

याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी थ्यूनेनचा सिद्धांत शिकवला. थ्यूनेन हा जर्मन जमीनदार. १८२६ साली त्याने पुस्तक लिहून असा प्रश्न मांडला की मधोमध एकच बाजारपेठेचे शहर आणि सभोवती सारखीच सुपीक जमीन असेल, तर कोणते पीक कुठे घेतले जाईल? त्याचे उत्तर असे, की दूध आणि भाजीपाला शहराला लागून, कारण तो माल नाशवंत. त्याच्याबाहेर जळाऊ लाकूड, कारण ते वाहून न्यायला जड. धान्य टिकाऊ, म्हणून ते त्याहून लांब. जितके लांब जावे तितका वाहतुकीचा खर्च वाढतो आणि जमिनीचा खंड उतरतो. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने हाच विचार शहरातल्या घरांना लावला. शहराच्या मध्याजवळ भाडे जास्त आणि प्रवास कमी, लांब गेले की भाडे कमी आणि प्रवास जास्त. ज्याला जे परवडेल तिथे तो राहतो.

आपल्या मध्य रेल्वेकडे पाहिले की सिद्धांत अगदी डोळ्यांपुढे उभा राहतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. मुंबईहून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. भाडी याच क्रमाने उतरत जातात आणि माणसे त्यांच्यामागे जातात. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. तोपर्यंत या दोन्ही महापालिकांना, १९८२ आणि १९८३ साली स्थापन झालेल्या, पुरती तीस वर्षेही झाली नव्हती.

पण सिद्धांत वहीत उतरवून मी आमच्या घराला लावायला गेले आणि पहिल्याच पायरीला अडखळले. थ्यूनेनचे शहर एक. आमच्या घरात बाजारपेठा तीन, मुंबई, ठाणे आणि कल्याण. शिवाय स्टेशनांमधले अंतर ही निम्मीच गोष्ट आहे. म्हणून मी घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतची मिनिटे मांडली. जुन्या घरापासून बाबांचे चालणे बारा, गाडीत शिरायला मिळेपर्यंत दहा, जलद गाडीने मुंबई साठ, आणि जलद गाडी मशीद बंदरला थांबत नाही म्हणून मागे चालत येणे पंधरा. एकूण ९७. आता ठाणे. आमच्या आवाक्यातले ठाणे म्हणजे घोडबंदर रस्ता. तिथून बसने स्टेशन चाळीस, गाडीसाठी दहा, गाडीत चाळीस आणि पुढचे पंधरा, एकूण १०५. म्हणजे मुंबईच्या चौदा किलोमीटर जवळ येऊन बाबांचा प्रवास आठ मिनिटांनी वाढला! कल्याणला खडकपाड्याहून हाच हिशेब ११५ वर गेला. स्टेशनपासून जवळ असलेल्या नौपाड्यातून मात्र ७३.

हे बाबांचे झाले. ‘प्रवास’ म्हटले की घरोघरी पुरुषाचाच प्रवास मोजतात, आणि मीही पहिल्या दिवशी तेवढाच मोजला होता हे कबूल करते. आईचा हिशेब वेगळा निघाला. डोंबिवलीहून वागळे इस्टेटला तिला ६७ मिनिटे लागत, घोडबंदरहून थेट बसने ४० लागली असती, नौपाड्याहून ३५. आई पावणेपाचला उठून चार डबे भरते, तेव्हा तिची वाचलेली अर्धी घटका ही झोप असते.

आता पैसे. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरू. जुन्या घराचे भाडे बारा हजार. घोडबंदरला आम्हाला एकोणीस हजार सांगितले. सात हजार जास्त देऊन आईचे महिन्याला साडेबावीस तास वाचणार, त्यातून बाबांचे पावणेसात तास वाढणार. म्हणजे वाचलेला प्रत्येक तास सुमारे ४४० रुपयांना पडला. नौपाड्यात भाडे सत्तावीस हजार, म्हणजे पंधरा हजार जास्त. पण तिथे बाबांचे वीस आणि आईचे जवळजवळ सत्तावीस तास वाचतात, त्यामुळे एक तास ३२० रुपयांच्या आसपास मिळतो. घर महाग आणि तास स्वस्त! हा निष्कर्ष मी मोठ्या उत्साहाने बाबांना दाखवला. ते म्हणाले, “माझा तास पेढीवर एकशे दहा रुपयांना जातो. तो तीनशे वीसला विकत घेऊ?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सरांकडेही नव्हते.

मिनिटांच्या या वहीत न मावणारी एक गोष्ट म्हणजे गर्दीची दिशा. मी डोंबिवलीहून कल्याणला येते तेव्हा डब्यात बसायला जागा असते. त्याच वेळी समोरच्या फलाटावर आई एका पायावर उभी राहण्याची खटपट करत असते. तिची वीस मिनिटे आणि माझी दहा एकाच मापाने मोजणे खोटेपणाचे आहे.

वस्तुतः आमचा प्रश्न सोडवला तो धाकटीच्या शाळेने. टाळेबंदीच्या वर्षी बाबांचे काम गेले होते आणि उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आत आला होता. त्यामुळे २०२१ मध्ये तिला शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून एका खाजगी विनाअनुदानित शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला. २००९ च्या या कायद्याने आठवीपर्यंत तिची फी माफ आहे. पण पुष्कळांना ठाऊक नसते असे एक कलम त्यात आहे. मुलाला एका शाळेतून दुसरीत बदली मागण्याचा हक्क आहे, मात्र खाजगी विनाअनुदानित शाळेत अशी बदली हक्काने मागता येत नाही. ठाण्याला जावे तर तिची ही जागा इथेच सोडून जावे लागणार. तिथे एक तर शाळा बदलून पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत घालायचे, नाही तर पूर्ण फी भरायची. मराठी अनुदानित शाळांना मी नावे ठेवत नाही, मी स्वतः तिथेच शिकले. पण मधल्या वर्षी, मैत्रिणी आणि माध्यम दोन्ही तोडून मूल हलवणे निराळे. थ्यूनेनच्या भाषेत बोलायचे तर आमच्या घरातला नाशवंत माल हाच होता.

मध्यंतरी बाबांना विकत घेण्याचाही मोह झाला. डोंबिवलीजवळ एका नव्या इमारतीतले घर आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्तात मिळत होते, फलकावर महारेराचा नोंदणी क्रमांकही होता. पण त्याच नोव्हेंबरात, २०२४ साली, मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला होता. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांनी महारेराची नोंदणी मिळवली होती. घर घेणारी हजारो कुटुंबे अडकली. म्हणून क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम परवानगीची प्रत मागावी आणि ती घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारावे की ही तुम्हीच दिली काय. आम्ही प्रत मागितली, तेव्हा विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी अशीच एक बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली होती, हे मला शोधताना कळले. बाबांना ते आठवत होते.

मराठीच्या मॅडमनी मला विचारले, “वाचनालय कुठं जवळ आहे ते पाहिलंस का?” तर तेही सांगते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि डोंबिवलीत शन्ना नवरे राहत होते. या कसोटीवर तिन्ही गावे उत्तीर्ण.

शेवटी आम्ही डोंबिवली पश्चिमेला गेलो. जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही, खोली एक कमी, भाडे साडेअकरा हजार. स्टेशन सहा मिनिटांवर, धाकटीची शाळा पूल ओलांडून पंधरा मिनिटांवर. मी हिशेब वाचून दाखवला, तेव्हा सर्वांत कमी लाभ आईचाच होता. ती एवढेच म्हणाली, “तिचं आठवीपर्यंत फुकट आहे ना? मग तोवर मी उभी राहीन.”

घर लागून आठवडा होतो न होतो तोच, ९ जून २०२५ च्या सकाळी, मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले. आईची गाडी अर्ध्या तासाने आधीची होती. वाचलेली सहा मिनिटे ती आता डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरण्यासाठी वापरते, म्हणजे निदान आत शिरता येते.

करार अकरा महिन्यांचा आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि तिची जबाबदारी मालकावर आहे, तरी अकरा महिन्यांची सवय काही सुटत नाही. धाकटी आठवी पास होईल २०२९ साली. तोवर हा हिशेब अजून तीनदा तरी मांडावा लागेल. वही जपून ठेवली आहे.