आबाजींची ट्रंक उघडलीय कधी?

घरात आजोबांची काळी, लोखंडी ट्रंक आहे? वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर लिहिलेली? मी ती उघडली आजोबा गेल्यावर, तेरवीनंतर. 'पूर्वी स्टार' सापडला, पण त्याची गोष्ट सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तुम्ही उशीर करू नका.

आपल्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं केंद्र आहे. 3 डिसेंबर 1971 ला गंगासागरच्या लढाईत शहीद झालेले परमवीर लान्सनायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे. त्या युद्धात विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. तुम्हाला शाळेत सोडणारे आबाजी कदाचित त्यातलेच!

'पूर्वी स्टार' म्हणजे बांगलादेशची आघाडी, 'पश्चिमी स्टार' म्हणजे पश्चिम सीमा. पदक त्यांच्या हातात द्या. थेट लढाईचं विचारलं तर ते गप्प बसतील. 'आबाजी, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं?' असं विचारा. बोलू लागले की मोबाईलवर रेकॉर्ड करा.

आणि हो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओत आजीचं नाव, जन्मतारीख नीट आहे ना, तेही बघा. चूक असेल तर आबाजींना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाहीतर पुढे फॅमिली पेन्शनसाठी आजीलाच चकरा माराव्या लागतील.

येत्या रविवारी उघडताय ना ट्रंक?