लासलगावचा भाव मोबाइलवर येतो कसा?

कांद्याचा भाव दाखवणाऱ्या ॲपला लासलगावच्या लिलावात आपला माणूस उभा करावा लागत नाही. ते भाव विचारून घेतं.

विचारायचं कुणाला?

बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि भाव केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या यंत्रणेत नोंदले जातात. त्यातले भाव ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरून एपीआयद्वारे घेता येतात. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे काय मागायचं, कसं मागायचं आणि उत्तर कोणत्या साच्यात येईल, याचे आधीच ठरलेले नियम म्हणजे एपीआय.

मागणी आणि उत्तर

नोंदणी केली की एक ‘की’ मिळते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळखखूण. मग ठरावीक पत्त्यावर मागणी जाते. राज्य, बाजार, शेतमाल सगळं त्या पत्त्यातच लिहिलेलं. उत्तर सहसा जेसन नावाच्या मांडणीत येतं: बाजार, वाण, आवकेची तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. रंग नाही, चित्र नाही. सजावट ॲपने करायची. भाव क्विंटलचा असतो, किलोचा हवा तर भागाकारही त्यानेच करायचा. यातला सर्वसाधारण भाव खरा कामाचा, कारण बराचसा माल त्याच्या आसपास विकला गेलेला असतो. नुसता कमाल भाव ठळक दाखवणारं ॲप शेतकऱ्याला भुलवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

की कुठे ठेवायची?

ॲपमध्ये नकोच, ते उकलून की काढणं अवघड नसतं. ती आपल्या सर्व्हरवर ठेवावी. सर्व्हरने ठरावीक वेळाने भाव आणून साठवावा आणि हजारो मोबाइलना तोच वाटावा. प्रत्येक मोबाइल थेट विचारू लागला, तर अनेक सेवा ‘४२९’ हा आकडा परत पाठवतात: फार वेळा विचारलंत, थांबा.

फसवं ‘२००’

‘४०१’ आला तर ओळख पटलेली नाही, ‘५००’ आला तर बिघाड समोरच्याकडे. हे नकार निदान कळतात. ‘२००’ म्हणजे मात्र मागणी नीट पोचली, एवढंच. बाजाराला सुट्टी असेल तर ‘२००’सोबत रिकामी यादी येऊ शकते, आणि आळशी ॲप त्याचा भाव शून्य रुपये दाखवतं. लासलगाव आणि त्याचे विंचूर, निफाड हे उपबाजार यांच्या नोंदीही वेगळ्या असतात. नाव जुळलं नाही तरी यादी रिकामीच. अशा वेळी मागचा भाव त्याच्या तारखेसकट दाखवावा.